गाडी रात्री कुठे झोपते?

माझ्या गॅरेजमध्ये कोणी तेल बदलायला आलं की मी आधी तीन प्रश्न विचारतो. गाडी रात्री कुठे झोपते? सकाळी किती वाजता उठते? आणि उठल्यावर पहिली चाल किती लांबची? बाकी तुम्ही कोण, शेजाऱ्याच्या गाडीत कुठलं तेल आहे, मेव्हण्यानं काय सल्ला दिला, यातलं मला काहीही ऐकायचं नसतं. गिऱ्हाईकं वैतागतात. एक बँकेतले साहेब मला म्हणाले, "अहो, तेल घालायचंय, सोयरीक नाही जुळवायची." मी म्हणालो, "सोयरीक मोडली तर माणूस माघारी येतो. इंजिन बसलं तर ते कुठे जाणार?" त्यांनी मुकाट्यानं तिन्ही उत्तरं दिली.

तेलाच्या डब्यावर दोन आकडे असतात. लोकांना वाटतं, आकडा मोठा म्हणजे माल भारी. तसं काही नसतं. पहिला आकडा थंडीचा. तो जितका लहान, तितकं तेल गारठ्यातही पातळ राहतं आणि चावी फिरवल्याबरोबर इंजिनभर धावतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यानंतरचा. तो मोठा असला की तेल तापूनही आपला घट्टपणा सोडत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात बॉनेटला हात लावला तर भाजतं आणि हिवाळ्यात नळ फुटतात, त्यामुळे बारा महिने एकच तेल चालवणारा माणूस माझ्या लेखी अडाणी, मग तो कितीही शिकलेला असो. इंजिन जुनं आणि झिजलेलं असेल, गाडी उबदार तळघरात झोपत असेल आणि रोज लांब पळत असेल, तर मी वीस-पन्नास घालतो. जाड तेल झिजलेल्या भागांवर टिकतं, खडखड कमी होते. पण तीच गाडी उघड्यावर झोपत असेल, तर हिवाळ्यात पाच-तीस. कारण कडाक्याच्या थंडीत वीस-पन्नास तळाशी बसून राहतं. सेल्फ मारला तर इंजिन फिरता फिरत नाही, आणि तीनचारदा जोर केला की बॅटरी मान टाकते.

हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते सांगायचं माझ्याच्यानं होणार नाही. माझ्या धाकट्या भावानं पहिल्याच प्रश्नाला खोटं उत्तर दिलं. ते खोटं आहे, हे मला त्याच्या गाडीनं पाच मिनिटांत सांगितलं. आणि तेल मात्र मी त्याच्या उत्तराप्रमाणे घातलं.

हे तीन प्रश्न माझे नाहीत, वडिलांचे आहेत. गॅरेजही त्यांचंच. आम्ही दोघं शाळेतून आलो की ते गाडीतून काढलेलं काळं तेल एका पांढऱ्या बशीत घेत आणि आमच्यासमोर ठेवत. बोटांत चोळा, वास घ्या आणि सांगा, गाडीवाला कसा राहतो. मी म्हणायचो, "तेल जळलंय. फिल्टर बदलावा लागेल." धाकटा बोट नाकापाशी नेऊन डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हा रोज चढावरून जातो, पहिल्या गिअरमध्ये रडत रडत. आणि संध्याकाळी त्याला घरी जायची काही घाई नसते." वडील हसून हसून बाकावर आडवे व्हायचे. गाडीवाला आला की आडून आडून चौकशी करायचे, आणि बहुतेक वेळा धाकट्याचं बरोबर निघायचं. हात माझ्याकडे आला, नाक त्याच्याकडे गेलं. पण काळ्या नखांचा त्याला कंटाळा होता. त्यानं गळ्यात टाय बांधला आणि औषधांच्या कंपनीत फिरता विक्रेता झाला. बोलण्यात तो कोणाला हार जायचा नाही, तेव्हा धंदा बरा चालला.

चार वर्षांपूर्वी त्याचा संसार मोडला. घर बायकोकडे राहिलं आणि हा एक बॅग घेऊन आमच्या मागच्या खोलीत आला. दोन आठवडे म्हणून आला तो पाच महिने राहिला. मोरीत मोठ्यानं गायचा. माझं वर्तमानपत्र माझ्या आधी वाचून त्याच्या घड्या विस्कटायचा. माझ्या गिऱ्हाइकांना माझ्याच नकला करून दाखवायचा. माझ्या बायकोला तो आला की घर भरल्यासारखं वाटायचं, मला माझंच घर अडचणीचं झालं होतं. एकदा जेवताना त्यानं असंच काहीतरी म्हटलं, काय ते आता आठवतसुद्धा नाही, आणि मी ताट सारून बोललो, "ही धर्मशाळा नाही. माणसाला स्वतःची काही लाज असावी लागते."

त्यानं शेवटचा घास संपवला, ताट धुऊन पालथं घातलं, आणि माझ्या बायकोला म्हणाला, "दादाचं बरोबर आहे, वहिनी. फार झालं." अर्ध्या तासात बॅग घेऊन गेला आणि एका इमारतीत भाड्यानं राहायला लागला. त्यानंतर त्यानं घराची पायरी चढली नाही. गॅरेजला मात्र यायचा, तीनचार महिन्यांनी, तेल बदलायला. हसायचा, बोलायचा, चहा प्यायचा. मी मनाशी म्हणायचो, चला, भांडण मिटलं. मिटवलं कोणी, हे मी स्वतःला विचारलं नाही. मागच्या खोलीत मी तेलाचे खोके आणि जुने टायर भरून ठेवले, म्हणजे परत कोणी राहायला यायचा प्रश्नच नको.

या वर्षी तो आला तेव्हा हिवाळा तोंडावर होता. दुपारची वेळ, रस्त्यावर पाचोळा, आणि उन्हात काही दम नव्हता. त्यानं गाडी आत घेतली आणि मागच्या दाराला टेकून उभा राहिला, असा की मला मागची सीट नीट दिसू नये. टाय होता, पण गळ्याभोवती कॉलर ढिली झाली होती. हनुवटीवर ब्लेडनं कापल्याच्या दोन खुणा होत्या. गार पाण्यानं दाढी केली की होतात तशा.

"दादा, तेल बदलायचंय."

"गाडी रात्री कुठे झोपते?"

"आता मलाही विचारणार?"

"वडील आले तरी त्यांना विचारीन."

तो हसला आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "इमारतीच्या तळघरात. गरम पाण्याचे पाइप गेलेत तिथून. इतकं उबदार असतं, मांजरं झोपायला येतात."

"सकाळी किती वाजता?"

"आठ."

"पहिली चाल?"

"चाळीस किलोमीटर. हायवे. मस्त पळते."

मी प्रत्येक गाडीच्या बॉनेटच्या आत पुठ्ठ्याचं एक कार्ड तारेनं बांधून ठेवतो. त्यावर तीन उत्तरं, तारीख, मीटरचा आकडा, घातलेलं तेल, आणि खाली गॅरेजचा फोन. त्याचं कार्ड काढून मीटरशी ताडून पाहिलं. तीन महिन्यांत गाडी दोनशे बारा किलोमीटर चालली होती. रोज चाळीस जाणारा माणूस एवढं एका आठवड्यात संपवतो.

"हे काय?" मी विचारलं.

"मीटरची केबल तुटलीय रे. कधीचीच."

दुसऱ्या कोणाची गाडी असती तर मी तिथल्या तिथे केबल तपासली असती. केबल तपासायला दोन मिनिटं लागतात. मी म्हणालो, "बरं," आणि तेलाचं झाकण उघडलं. झाकणाच्या आत पिवळट पांढरी साय धरली होती, बोटाएवढी जाड. डिपस्टिक ओढली तर तेल खुणेच्या वर, आणि पेट्रोलचा वास. लांब पळणाऱ्या गाडीत असं होत नाही. तेल चांगलं तापलं की त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जातं. ही साय धरते ती गाडी गारठ्यात सुरू करून, जागच्या जागी वीसेक मिनिटं चालवून, परत बंद केली की. आणि असं दिवसातून अनेकदा, आठवड्यांमागून आठवडे केलं की. कुठे जायचं नसताना गाडी कोण सुरू करतं? जो आत बसलाय आणि ज्याला हीटर हवाय, तो.

हे मी नंतर ओळखलं असं म्हणायची मला फार इच्छा आहे. मी ते तेव्हाच ओळखलं.

गाडीखाली जाऊन नट सोडला, तेल गळायला लागलं. वर आलो तर धाकटा फळीवरून काहीतरी काढून पुसत होता. वडिलांची बशी. तिच्या काठाचा टवका उडालाय, मी तिच्यात बारीक स्क्रू ठेवतो. त्यानं स्क्रू फडक्यावर ओतले, वाकून बशीत थोडं तेल धरलं आणि माझ्यासमोर बाकावर ठेवलं.

"ओळख बघू," तो म्हणाला. आवाज चेष्टेचा होता. डोळे नव्हते.

मी बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला. माझ्या तोंडून शब्द आले ते लहानपणचेच. "काळं झालंय. फिल्टर बदलतो."

त्यानं बशी स्वतःकडे ओढली. मग म्हणाला, "तुझं नाक काही सुधारलं नाही, दादा," आणि बशी पुसून जागेवर ठेवली. स्क्रूसुद्धा एकेक करून परत भरले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मागच्या खोलीची खिडकी अजून अडकते का रे?"

"खोली भरलीय," मी म्हणालो. "तेलाचे खोके आहेत."

"बरं."

माझ्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं ते सांगतो, लपवून आता काय मिळवायचंय. मला मोरीतलं गाणं ऐकू आलं. पाच महिने आठवले. खोके कुठे हलवायचे, हे आठवलं. आणि मी म्हणालो, घोड्याएवढा बाप्या आहे, स्वतःच्या तोंडानं तळघर म्हणतोय, तर तळघर. त्यानं मागितलं तर मी नाही म्हणणार नाही, असंही मनाशी म्हणालो. तो मागणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तसं म्हणायला काही लागत नव्हतं.

फळीवर वीस-पन्नास आणि पाच-तीस शेजारी शेजारी होते. मी वीस-पन्नासचा डबा काढला. तो काखेत हात घालून बघत होता. तेलातलं माझ्याइतकंच त्यालाही कळायचं.

"वीस-पन्नास?" त्यानं विचारलं.

"तळघरात झोपते ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. डब्याचं झाकण अजून उघडलं नव्हतं. तो नाही म्हणू शकत होता. मीही म्हणू शकत होतो.

"हो," तो म्हणाला. "तळघरातच."

मी तेल ओतलं. त्यानं पैसे काढले, मी घेतले नाहीत, आणि त्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटलं. जाताना खिडकीची काच खाली करून म्हणाला, "वहिनीला सांग, मजेत आहे." इंजिनाचा आवाज खरंच छान झाला होता, एकदम शांत. संध्याकाळी बायकोनं विचारलं, "भाऊजींना जेवायला का नाही आणलं?" मी सांगितलं, घाईत होता.

मग थंडी पडायला लागली. रोज सकाळी रेडिओवर आकडा सांगतात. उणे तीन. उणे पाच. एरवी तो आकडा मी धंद्यासाठी ऐकतो, आता तो ऐकला की लगेच रेडिओ बंद करायचो. बायकोशी विनाकारण खेकसायला लागलो. एका रविवारी पाच-तीसचा डबा गाडीत टाकला आणि तिला न सांगता धाकट्याच्या इमारतीत गेलो. म्हटलं, तिथंच उभ्या उभ्या बदलून देऊ, काहीतरी निमित्त सांगू. टपालपेटीवर दुसऱ्याच कोणाचं तरी नाव होतं. तळघरात जाऊन आलो. त्याची गाडी नव्हती. गरम पाण्याचे पाइप होते, आणि एका पाइपाखाली एक मांजर होतं.

वर राहणाऱ्या बाई म्हणाल्या, "ते होय? ते उन्हाळ्यातच सोडून गेले. नोकरी सुटली म्हणत होते. फार हसवायचे हो."

गाडीत येऊन बसलो आणि त्याला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"कुठे आहेस?"

"कामावर. का रे?"

रविवार होता. तोही विसरला, मीही बोललो नाही. म्हणालो, "थंडी वाढणार म्हणतात. त्या दिवशी तेल जरा जाडच पडलं. येऊन जा, बदलून देतो."

मला वाटतं तो थांबला होता, मी आणखी काही म्हणतोय का ते बघायला. मी तेलाबद्दलच बोललो. तेल हे माझं काम आहे, त्याबद्दल बोलताना माझी जीभ अडखळत नाही. घरी ये, एवढे दोन शब्द मला जमले नाहीत.

"शनिवारी येतो," तो म्हणाला.

थंडीची लाट गुरुवारी आली. रेडिओवर उणे सोळा सांगितलं. मी शटर वर करत होतो, तेव्हाच आत फोन वाजायला लागला.

"बॉनेटखाली तुमचं कार्ड मिळालं," पलीकडचा माणूस म्हणाला. पोहण्याच्या बंद तलावामागे मोकळं मैदान आहे, तिथला तो राखणदार. "हे साहेब कोण तुमचे? अँब्युलन्समधून नेलंय आत्ताच. श्वास चालू होता."

पुढचं त्यानं मला नंतर भेटून सांगितलं. धाकटा तीन महिने त्या मैदानाच्या कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला गाडी लावत होता. सकाळी राखणदाराच्या खोलीतल्या नळावर तोंड धुवायचा, दाढी करायचा, टाय बांधायचा आणि काम शोधायला पायी जायचा. पेट्रोल रात्रीसाठी राखून ठेवायचा. "रात्रीतून तीनदा गाडी चालू करायचे," राखणदार म्हणाला. "वीस मिनिटं चालवली की बंद. मला त्या आवाजाची सवयच झाली होती. त्या रात्री नुसती घरघर ऐकू आली. दोनदा, तीनदा. मग तीही थांबली. मला वाटलं, झोपले असतील. माझ्या खोलीत शेगडी होती हो. मी म्हटलंही होतं त्यांना, आत येऊन झोपा. म्हणाले, कोणाला अडचण नको."

तो तीन दिवस दवाखान्यात होता. हातांना पट्ट्या, तोंडावर ऑक्सिजन, आणि छाती कफानं भरलेली. बायको त्याच्या उशाशी बसली ती हललीच नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारणीला घरी पाठवून मागची खोली रिकामी करवली. सगळे खोके अंगणात बर्फात काढून ठेवले. मला विचारलं नाही.

शनिवारी तो जरा शुद्धीवर होता. तेल बदलायला यायचं ठरलं होतं तो शनिवार. मी स्टूल ओढून बसलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो.

"ते तेल..." मी म्हणालो.

त्यानं मास्क थोडा बाजूला केला. "बॅटरी म्हातारी झाली होती रे, दादा."

"बॅटरी नाही. मी..."

"बॅटरीच." एवढं बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं. मग डोळे मिटून घेतले. मोठा भाऊ मी, आणि मला सांभाळून घेत होता तो. मला त्या क्षणी ओरडून रडावंसं वाटलं, पण वॉर्डात माणसं होती, आणि असल्या वेळी गप्प बसायची मला फार जुनी सवय.

"मागची खोली रिकामी केलीय," मी म्हणालो.

"खिडकी?"

"तासून घेतो. नाही अडकणार."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. हसला असावा. रविवारी सकाळी तो गेला.

आठवड्यानं गाडी आणायला गेलो. टो-ट्रकवाला माझ्या ओळखीचा आहे, त्यानं दोर बांधला आणि मी स्टिअरिंगवर बसलो. काचांना आतून बर्फ धरला होता, तो खरवडून समोर बघण्यापुरती जागा केली. हुकाला टाय लटकत होता, गाठ न सोडलेला. मागच्या सीटवर दोन घोंगड्या, राखणदारानं घडी घालून ठेवलेल्या, आणि त्यांवर उशी म्हणून औषधांच्या जाहिरातींचा गठ्ठा. दाराच्या खणात दाढीचा ब्रश होता.

ट्रकनं ओढायला सुरुवात केली, चाकं फिरली, आणि माझ्यासमोर मीटरचा शेवटचा आकडा सरकला. मग पुढचा. गॅरेजपर्यंत सात किलोमीटर आहे, आणि मीटरनं सातच मोजले. केबल धडधाकट होती.

दुसऱ्या दिवशी बायको जेवणाचा डबा घेऊन गॅरेजला आली. एरवी ती येत नाही. तिनं बॉनेटच्या आतलं कार्ड हातात घेतलं आणि बराच वेळ वाचत राहिली. मी तिला सगळं सांगितलं होतं, तळघर, साय, बशी, सगळं. पहिल्यांदाच काही न वगळता सांगितलं होतं.

"तेल किती किलोमीटरला बदलतात?" तिनं विचारलं.

"पाच हजारांना."

"मग दोनशे बाराला कशाला आले होते ते?"

मी पान्हा पुसत होतो. पुसतच राहिलो. तीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांची कार्डं वाचतोय, आणि हे तिनं वाचलं. तेल बदलायचं त्याला काही कारणच नव्हतं. नोकरी गेली, घर गेलं, हे तोंडानं सांगणं त्याला जमत नव्हतं, म्हणून त्यानं गाडी माझ्यासमोर उभी केली. वडिलांची बशी पुसून त्यात सगळं ओतलं आणि म्हणाला, ओळख. मी ओळखलं आणि फिल्टर बदलला. बायको डबा तिथंच ठेवून घरी गेली.

त्या दुपारी मी वीस-पन्नास काढलं. गारठ्यात ते धार धरेना, तुटून तुटून पडत होतं. सगळं निघायला पाऊण तास लागला. मग पाच-तीस भरलं. बॅटरी बदलली नाही. त्याचीच बॅटरी चार्ज करून परत बसवली, तारा घट्ट केल्या, आणि गाडी ढकलत बाहेर रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली, उघड्यावर. रात्रभर तिथंच राहू दिली.

सकाळी रेडिओवर उणे अठरा सांगितलं. धाकट्याच्या रात्रीपेक्षा दोन अंश जास्तच थंडी. मी कडक झालेलं दार ओढून उघडलं, बसलो आणि चावी फिरवली.

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

बॅटरी म्हातारी नव्हती. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. दहाव्या मिनिटाला हीटरमधून ऊब यायला लागली, आधी पायांना, मग चेहऱ्याला. काचेवरचा बर्फ वितळून खाली ओघळला. मी खिशातून कोरं कार्ड काढलं आणि पहिल्या प्रश्नासमोर लिहिलं: उघड्यावर. मग वीस मिनिटं झाल्यावर इंजिन बंद केलं, आणि मागे वळून घोंगडीला हात लावून पाहिला. ती अजून गारच होती.